सहा वाजताची फुकट मिस्सा

एक जण संत अंतोनियोच्या वेदीपाशी बसून मोजे बदलत होता, आणि काढलेले ओले मोजे त्याने वेदीच्या कठड्यावर वाळत घातले होते. एका बाईने मरियेपुढच्या विजेच्या मेणबत्तीची पिन उपसून तिथे आपला फोन लावला होता. मरिया अंधारात, फोन मात्र छान चार्ज होत होता. पापनिवेदनाच्या खोक्यात एकदा अर्धवट खाल्लेलं सँडविच सापडलं, आणि एकदा घोरणारा माणूस. हे सगळं ओत्तोरीनो बुझेत्तोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंडात बाटली बुडवून भरत होता. ओत्तोरीनो धावत गेला तर तो पोरगा हसून म्हणाला, "प्यायचंच आहे ना हे?"

"पी," ओत्तोरीनो म्हणाला. "अख्ख्या गल्लीने त्यात बोटं बुचकळलीत. पोटभर पी."

व्हेनिसच्या कास्तेल्लो भागात सान लिबेराले म्हणून आमचं चर्च आहे. ओत्तोरीनो तिथला राखणदार. किल्ल्या त्याच्याकडे, घंटा त्याच्याकडे. मेणबत्त्या लावणं, फुलं बदलणं, भरतीचं पाणी आत शिरलं की फरशी पुसणं, सगळं त्याच्याकडे. वय एकाहत्तर. उंच, पोक आलेला, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की कुणीतरी नुकतंच त्याला नासलेलं दूध हुंगायला दिलंय. एकतीस वर्षं या दारात काढल्यावर दुसरा कुठला भाव राहील? आमच्या गल्लीत तरी त्याला कुणी नावं ठेवत नसे.

त्यातून हे तिकिटाचं लचांड. फादर फाउस्तो नऊ वर्षांपूर्वी इथे आले, त्यांनी वर बघितलं, छप्पर गळताना दिसलं, आणि दाराशी टेबल मांडलं. आत यायचे चार युरो. वेदीमागे तीन संतांचं जुनं चित्र आहे, संतांच्या पायाशी एक खरजुला कुत्रा बसलाय, आणि तो कुत्रा बघायला जगभरातून लोक येतात. देवाच्या घरात गल्ला मांडलेला बघून ओत्तोरीनोला मळमळलं. पण पगार देणाऱ्याला काय बोलायचं, म्हणून त्याने ते गिळलं. फक्त मिस्सेच्या वेळी तिकीट नसे. प्रार्थनेला आलेल्या माणसाकडून पैसे घेता येत नाहीत, एवढी लाज फादरांनाही होती.

आणि हीच फट शोधून फुकटे आत शिरू लागले. संध्याकाळी सहाच्या मिस्सेला आमच्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्या, आणि मागे पन्नास पाठपिशव्या. फादर इकडे पवित्र भाकर उंचावतात, तिकडे पन्नास माना कुत्र्याकडे. दहा मिनिटांत सगळे उठून चालते. बाकं करकरतात, बाटल्या गडगडतात, एखादी आई पोराला खाऊच्या पुडीतून खाऊ काढून देते आणि पुडी तिथेच टाकते.

ही फट जगाला दाखवली कुणी? ओत्तोरीनोच्या सख्ख्या बहिणीने.

योले त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. चर्चमागच्या गल्लीत तळमजल्यावर एकटी राहायची. तीस वर्षं तिने पाण्याकाठच्या एका बड्या हॉटेलात खोल्या आवरल्या, आणि त्यात पाय गेले. खांबासारखे सुजायचे. डॉक्टरांनी दिलेले घट्ट लांब मोजे चढवायला रोज सकाळी तिला अर्धा तास लागायचा. मग ती खिडकीत उशी टाकून जी बसायची ती दिवे लागेपर्यंत. स्टेशनाकडून पायी येणारे, नकाशा उलटा धरून उभे राहिलेले, घामाने चिकटलेले सगळे त्या खिडकीपाशीच चुकत. आणि योले त्यांना हाक मारायची.

"ए पोरांनो, इकडे या. कॉफी प्यायलात? बसून की उभ्याने? बसून! अरे देवा. इथे कॉफी उभ्याने प्यायची, कळलं? खुर्चीला बूड टेकलं की तीच कॉफी तिप्पट. आणि ही बाटली विकत घेतलीस? तो चौकातला नळ काय शोभेला आहे? आम्ही तेच पितो, अजून जिवंत आहोत. नावेत बसायचंय? नव्वद युरो? डोकं फिरलंय का? मासळीबाजारापाशी जा, पलीकडे सोडणारी नाव असते, दोन युरो. नाव तीच, वल्हं तेच, फक्त नावाडी गाणं म्हणत नाही, ते बरंच आहे. फळं बाजार उठताना घ्यायची. वाइन पिंपातली घ्यायची, रिकामी बाटली घेऊन जायचं. आणि चर्चमधला कुत्रा बघायचाय ना? मग सहाला या, मिस्सेला. मिस्सेला तिकीट नसतं."

निम्मं बोलणं आमच्या बोलीत, निम्मं हातवाऱ्यांनी, आणि समोरच्याला सगळं समजायचं. तिला हे करताना जो आनंद व्हायचा तो बघून ओत्तोरीनोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी तो रोज दुपारी तिच्या खिडकीशी जायचा, बाहेरच उभा राहून तिने दिलेली कॉफी प्यायचा, आणि तिच्या 'गिऱ्हाइकां'ना शिव्या घालायचा. ती हसायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

बिनसलं ते मागच्या ऑक्टोबरात. चर्चच्या बाकावर त्याला एक छापलेला कागद सापडला. कुणा परदेशी पोराने इंटरनेटवर यादी टाकली होती, व्हेनिस कमी पैशात कसं बघाल. तिकिटाच्या टेबलावरच्या मुलीने त्याला ती वाचून दाखवली. योलेच्या खिडकीतली एकूणएक गोष्ट तिच्यात होती. सातव्या नंबरावर आमचं चर्च, आणि खाली लिहिलेलं, 'दारात एक चिडका म्हातारा असतो. त्याने अडवलं तर हात जोडून सांगा, मेलेल्याच्या आत्म्यासाठी आलोय. मग तो काही करू शकत नाही.'

कागद मुठीत चुरगाळून तो तडक खिडकीशी गेला.

"योले, हे तू सांगितलंस?"

तिने चष्मा लावून बघितलं. "चिडका म्हातारा? छे. मी नुसतं म्हातारा म्हटलं असेल. चिडका हे त्यांचं त्यांना कळलं."

"थट्टा नकोय. मेलेल्यांच्या नावाने खोटं बोलायला शिकवलंस तू त्यांना. देवाच्या दारात!"

"मी म्हटलं मिस्सेला जा. मेलेले त्यांनी पदरचे घातले. आणि काय रे ओत्तो, देवाच्या दारात गल्ला मी मांडला का? तो तुझ्या फादरने मांडला. तेव्हा नाही तुझी जीभ उचलली."

"छप्पर गळतंय!"

"गळू दे. खाली कुणी बसलं असेल तर छपराचं कौतुक. रिकाम्या बाकांवर गळलं काय आणि न गळलं काय."

"कुणी म्हणजे कोण? ही माणसं आहेत? घाण वास मारतो त्यांना, योले. जवळून जा एकदा."

"वास मला नको सांगूस," योले म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तीस वर्षं पैसेवाल्यांच्या चादरी काढल्यात मी. त्या चादरींत काय काय असायचं ते तुला सांगितलं तर जेवण जाणार नाही तुला. ही पोरं नुसती घामाची आहेत. घाम धुतला की जातो."

"पुन्हा तुझ्या खिडकीत पाऊल ठेवलं तर नाव बदलेन."

"खिडकीत पाऊल ठेवत नसतात, ओत्तो."

त्यावर ती स्वतःच हसली, आणि तेच त्याला सहन झालं नाही. तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवसापासून घरी जाताना तो मागच्या पुलाने जाऊ लागला, दहा-बारा मिनिटांचा वळसा घालून, म्हणजे ती खिडकी नको. नाताळ आला नि गेला. जानेवारीत चौकातल्या बारवाल्या लोरेदानाने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला आणि सांगितलं, "तुझ्या बहिणीचे पाय फार सुजलेत. मोजे चढवता येत नाहीत तिला. म्हणाली, माझा भाऊ जिवंत आहे का विचार."

"तिला म्हणावं, तुझ्या पाहुण्यांना बोलाव," ओत्तोरीनो म्हणाला. "ते चढवतील मोजे."

लोरेदानाने काउंटर पुसला, आणि फडकं जरा जास्तच जोरात पिळलं.

फेब्रुवारीत, कार्निव्हलची गर्दी ऐन भरात असताना, योले खिडकीतल्या खुर्चीतच गेली. लोरेदानाने त्याला बोलावून आणलं. तो आत शिरला तेव्हा योलेच्या पायात मोजे होते, दोन्ही, गुडघ्यापर्यंत नीट ओढलेले. नगरपालिकेची बाई येत असेल, असं त्याला वाटलं आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पुढचा विचार त्याने केला नाही.

अंत्यविधीला बारा माणसं होती. पेटी नावेत चढवताना पलीकडच्या पुलावर मुखवटे घातलेले दोघे उभे होते. त्यांनी फोटो काढले. एकाने हात हलवला. ओत्तोरीनो नावेतून उतरून त्यांच्या अंगावर जाणार होता, पण लोरेदानाने त्याची बाही धरून ठेवली.

त्या दिवशी स्मशानबेटावरून परतताना त्याने ठरवलं. तिसाव्या दिवसाच्या मिस्सेला हे होऊ द्यायचं नाही. तो एक तास योलेचा. त्या तासात आत फक्त तिची माणसं बसतील, तिच्यासाठी आलेली, आणि कुत्रा बघायला आलेला एकही फुकट्या उंबरा ओलांडणार नाही. चार महिने तो तिच्याशी बोलला नव्हता. आता तिला देण्यासारखं त्याच्याकडे एवढंच होतं, आणि ते तो देणार होता.

आमच्याकडे माणूस गेलं की फोटो घालून पत्रक छापतात आणि दुकानांच्या काचांवर, बोटीच्या थांब्यावर, चर्चच्या दारावर चिकटवतात. ओत्तोरीनोने योलेचा जुना, हॉटेलच्या एप्रनमधला फोटो घातला. खाली, तिसाव्या दिवसाची मिस्सा, शनिवार, सहा वाजता. सगळी पत्रकं त्याने स्वतः चिकटवली. मग घरभाडं परवडेना म्हणून खाडीपलीकडे मेस्त्रेला राहायला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांना एकेकाला फोन केले. सगळे म्हणाले, येतो तर, न येऊन कसं चालेल, योलेसाठी नाही यायचं तर कुणासाठी? त्याने पुढचे चार बाक मेणाने घासून ठेवले.

शनिवारी साडेपाचलाच तो दारात उभा राहिला. काळा कोट, काळा टाय. मोठ्या दाराची एक फळी बंद, दुसरीत तो स्वतः.

फादर फाउस्तो जांभळा झगा सावरत बाहेर आले. "ओत्तोरीनो, दार उघड पूर्ण. मिस्सेला कुणाला अडवता येत नाही. तुला माहीत आहे."

"आज येतं."

"बिशपांच्या कानावर गेलं तर?"

"बिशप चार युरो घेऊन आले तरी आज अडवीन. तुम्ही आत जा, फादर. हवा गार आहे."

फादर बडबडत आत गेले. त्यांना भांडण नको असे, फक्त छप्पर हवं असे.

गल्लीतल्या एलिदेबाई आपल्या जावेला घेऊन आल्या. ओत्तोरीनोने दोघींना हात धरून पायऱ्या चढवल्या. मग सुरू झाली ती वरात. पहिलं जोडपं आलं. ओत्तोरीनोने सवयीने खाली बघितलं. चिखलाचे बूट, पाठीवर बोचकं, बोचक्याच्या खिशात बाटली. दोघांनी हात जोडले. घोकलेलं वाक्य म्हटलं, "आत्म्यासाठी."

"कुणाच्या आत्म्यासाठी?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "सगळ्यांच्या," पुरुष म्हणाला.

"सगळे मजेत आहेत. चला, पुढे व्हा."

मग तिघे आले, त्यांतल्या एकाच्या हातात पिझ्झ्याचा तुकडा. ओत्तोरीनोने नुसतं बोट दाखवलं, पिझ्झ्याकडे, मग कालव्याकडे. मग एक कुटुंब आलं, पाच माणसांत दोन छत्र्या आणि एकच अक्कल, तीही घरी राहिलेली. एक दाढीवाला आला, तो म्हणाला मी कलेचा विद्यार्थी आहे. "कला उद्या, चार युरो," ओत्तोरीनो म्हणाला. दाढीवाल्याने त्याला काहीतरी शिवी दिली. ओत्तोरीनोला ती आवडली. निदान ती तरी खरी होती.

पावणेसहाला चार पोरी आल्या, आणि पुढची म्हणाली, "योले."

क्षणभर ओत्तोरीनोने दाराची फळी सोडली. मग त्याचं लक्ष गेलं. पोरीच्या खांद्याशी, बंद फळीवर, त्याने स्वतः चिकटवलेलं पत्रक होतं. योलेचा फोटो आणि ठळक अक्षरांत नाव. पोरगी ते वाचूनच बोलत होती. बोलता बोलता पुन्हा एकदा तिने बाजूला वळून बघितलं, आडनाव बरोबर यावं म्हणून.

असली किळस त्याला उभ्या जन्मात आली नव्हती. मोजे वाळत घालणारा परवडला, कुंडात बाटली बुडवणारा परवडला. हे लोक त्याच्या मेलेल्या बहिणीचं नाव दारावरून खरवडून घेऊन तिकीट म्हणून त्याच्याच तोंडापुढे नाचवत होते, एका कुत्र्यासाठी. तो इतक्या जोरात ओरडला की चौकातली कबुतरं उडाली. पोरी पळाल्या.

त्यानंतर ती आली. एकटी. पाठीवर हिरवी पिशवी, तिला निळी बाटली लटकावलेली.

"योले," ती म्हणाली. "मी योलेसाठी."

"हो का?" ओत्तोरीनो म्हणाला. "तूही वाचलंस? शाबास. शाळेत घालतात वाटतं तुमच्याकडे."

तिला सगळं कळलं नसावं. ती वाकली आणि हातांनी काहीतरी दाखवू लागली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन्ही हातांनी काहीतरी ओढून घेतल्यासारखं. पुन्हा एकदा, दुसऱ्या पायावर. ओत्तोरीनोला वाटलं, ही सांगतेय, माझे पाय उघडे नाहीत, मी नीट कपडे घातलेत, आता तरी सोडा. तसं त्या यादीत लिहिलेलंच होतं, अंग झाकून जा म्हणून.

"दिसतंय, दिसतंय. पाय झाकलेत. फार उपकार झाले. दुसरं चर्च बघ."

तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. "वाच," ती म्हणाली. "कृपा करून वाच."

त्याने तो कागद घेतला. उघडलासुद्धा नाही. ती यादी त्याने शंभरदा बघितली होती. एकदा फाडला, पुन्हा एकदा फाडला, आणि चारी तुकडे कोटाच्या खिशात कोंबले, कारण चर्चच्या पायरीवर कचरा टाकणाऱ्यांतला तो नव्हता. मग पोरीने दारावरच्या फोटोला बोटांची टोकं लावली आणि पायऱ्या उतरून गेली. फोटोला हात लावला याचाही ओत्तोरीनोला राग आला. त्याने बाहीने तो पुसून घेतला.

सहा वाजले. त्याने दार लावून आतून कडी घातली आणि वळून बघितलं.

घासूनपुसून ठेवलेल्या चार बाकांवर एलिदेबाई, त्यांची जाऊ, आणि दोघी मिस्सेच्या नेमाच्या म्हाताऱ्या. लोरेदाना मागच्या छोट्या दाराने धापा टाकत आली, ती पाचवी. मेस्त्रेहून कुणीही आलं नव्हतं. एकाचा गुडघा, एकाची बस, एकाचा जावई. फादरांनी योलेचं नाव घेतलं, ते उंच छपराखाली घुमलं आणि उगाचच मोठं वाटलं. प्रार्थनेला उत्तर द्यायचे तेव्हा पाच बायका आणि ओत्तोरीनो मिळून इतका बारीक आवाज निघे की फादर प्रत्येक वेळी जरा थांबत, अजून कुणी बोलतंय का म्हणून.

ओत्तोरीनो ताठ बसला होता. कमी असू देत, त्याने स्वतःला सांगितलं. पण आपली आहेत. घाण नाही, बाटल्या नाहीत, कुणी उठून गेलं नाही. दिला तुला तुझा तास, योले.

मिस्सा संपल्यावर लोरेदाना त्याच्याकडे आली. इकडेतिकडे बघत होती.

"ती पोरगी कुठे बसली होती? दिसली नाही मला."

"कुठली पोरगी?"

"योलेची. अरे, जी तिला मोजे चढवायची."

"ती नगरपालिकेची ना?"

"नगरपालिकेची कसली डोंबलाची! वाट चुकून खिडकीशी आलेली. दोन दिवसांसाठी आलेली, तीन आठवडे राहिली. मेस्त्रेच्या वसतिगृहात आठ जणींत झोपायची, आणि रोज सकाळी सातला योलेच्या पायाशी हजर. मी कितीदा सांगणार होते तुला. पर्यटक म्हटलं की तू थुंकायचास, काय सांगू? कुठल्या उत्तरेच्या देशात घर आहे तिचं. योले गेल्यावर परत गेली होती, तिसाव्या दिवसाला येते म्हणून. आज मिस्सेसाठी बसने आली, दीड दिवस बसून. सकाळी माझ्याकडे उभ्याने कॉफी प्यायली. योलेने तिला चिठ्ठी दिलेली तुझ्या नावाची, ती दाखवली मला. तुझ्याच हातात द्यायची म्हणाली."

ओत्तोरीनोचा हात खिशात गेला. त्याने तुकडे बाहेर काढले आणि बाकावर मांडले. लोरेदानाने ते जुळवून दिले. छापलेलं नव्हतं. योलेचं अक्षर, प्रत्येक ओळ खाली उतरत जाणारं.

'ओत्तो, तू म्हणालास पाहुण्यांना बोलाव. बोलावलं. ही आली. माझ्या मिस्सेला हिला पुढच्या बाकावर बसव, तुझ्या शेजारी. आणि तिकीट मागू नकोस, गाढवा.'

लोरेदानाने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. "अडवलंस तू तिला," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"नाव काय तिचं?"

"मला ते नाव म्हणता येत नाही. योलेला यायचं."

"कशी दिसते?"

"मला काय विचारतोस? तुझ्यासमोर उभी होती की! मी सांगितलं तर तुला आठवेल का? केस कसे होते? वय काय वाटलं?"

"हिरवी पिशवी," ओत्तोरीनो म्हणाला. "निळी बाटली."

"तोंड, ओत्तोरीनो. तोंड कसं होतं?"

मेणबत्त्या तशाच जळत ठेवून, दार सताड उघडं टाकून तो बाहेर पडला. चौकात ती नव्हती. योलेच्या खिडकीशी गेला, ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा आपणहून. खिडकी बंद होती, खाली कुणी नव्हतं. मग बोटीच्या थांब्याकडे, कोट उघडा, श्वास फुललेला, आणि तोंडात स्वतःबद्दल अशी चव, की थुंकूनही जात नव्हती.

थांब्यावर पंचवीस-तीस जण होते, निम्म्याहून जास्त पोरी. हिरव्या पिशव्या चार होत्या. निळ्या बाटल्या त्याने मोजल्या नाहीत. तो एकीपुढे उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "योले?" तिने मान हलवली. दुसरीपुढे गेला. तिच्या नाकावर उन्हाने सोललेली कातडी होती. तिसरीचे डोळे रडून लाल झाले होते, किंवा वाऱ्याने. त्याला सांगता येईना. "योले?" त्याने विचारलं. "मोजे?" आणि भर थांब्यावर वाकून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही हातांनी ओढून दाखवलं.

पोरगी मागे सरली. तिने मैत्रिणीला कोपराने ढोसलं, आणि दोघी त्याच्याकडे, त्याच्या मेणाच्या डागांच्या कोटाकडे, वाकलेल्या गुडघ्यांकडे बघत नाक मुरडून बाजूला झाल्या. बोट लागली होती. चारी हिरव्या पिशव्या आत गेल्या.